धुऱ्यावरची माती

माझं काम मुगाचे कोंब मारायचं आहे. पीएच.डी. कशात करता असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण पूर्ण सांगायला गेलं की समोरचा माणूस मोबाइल काढतो. पूर्ण सांगायचं तर असं: शेतातलं तण मारायला टू-फोर-डी नावाचं औषध फवारतात. ते कोवळ्या रोपात शिरलं की त्याच्या पेशींतल्या डीएनए आणि आरएनएचं काय होतं, आणि त्यापायी रोपाची वाढ कशी बिघडते, हे मी बघते. मूग भिजवायचे, काचेच्या बशीत ओल्या कागदावर मांडायचे, काहींना साधं पाणी द्यायचं, काहींना औषधाचं. मग कोंब कापायचे, वाटायचे, परीक्षानळीत घालून उकळायचे. एक रसायन घातलं की आरएनएचा हिरवा रंग येतो, दुसरं घातलं की डीएनएचा निळा. रंग जितका गडद तितका माल जास्त. तसं बघितलं तर हे स्वयंपाकघरातलंच काम, फक्त शेवटी खायला काही मिळत नाही.

औषध मोठं लबाड आहे. साधं विष झाडाला जाळतं, सुकवतं. हे तसं काही करत नाही. झाडाच्या अंगात वाढीचा स्वतःचा एक रस असतो, त्याला ऑक्सिन म्हणतात. तो अगदी थोडा असतो, लागेल तेवढाच. हे औषध त्या रसाचं सोंग घेतं. झाडाला वाटतं, वाढायचा हुकूम आला. आपला स्वतःचा रस झाड वापरतं आणि मोडून टाकतं. हा सोंगाड्या त्याला लवकर मोडता येत नाही, त्यामुळे हुकूम थांबतच नाही. खोडाच्या ज्या भागानं आता गप्प बसायला हवं, तिथं आरएनए भराभर तयार होत राहतं. खोड फुगतं, चिरतं. मुळं खुंटतात, शेंडा वाकडा होऊन तसाच राहतो. डाळीतली शिदोरी भलतीकडेच खर्च होते आणि रोप मरतं. गहू, ज्वारी ही गवताची जात. तिला याचा फारसा त्रास होत नाही. रुंद पानाचं तेवढं सापडतं. म्हणून तर लोक ते विकत घेतात.

फेब्रुवारीत माझा नवरा गेला. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होता. संध्याकाळी बसनं आला, मनीषनगरचे आमचे जिने चढला, ॲसिडिटी झाली म्हणाला, पाणी प्यायला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या गेला. शर्टाच्या कॉलरला कोळशाची बारीक काळी रेघ रोजच असायची, त्या दिवशीही होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तेरवी झाली आणि मी परत लॅबमध्ये जायला लागले.

रडू आलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘किती धीराची आहे हो ही.’ धीर कसला डोंबलाचा! हातावर डोकं ठेवून झोपलं की हात आपला राहत नाही, दुसऱ्या हातानं उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसं माझं सगळंच झालं होतं. भूक लागली की जेवायचे. लॅबमध्ये कुणी विनोद केला की हसायचे, तेही जागच्या जागी, जिथं हसायचं तिथंच. त्याचे शर्ट मी धुऊन, इस्त्री करून ठेवले आणि देऊन टाकले. लोकांना वाटलं, हिनं मनावर दगड ठेवला. दगड ठेवायला आधी मन जाग्यावर लागतं.

घरात मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच उरलो. मी त्यांना आईच म्हणते. मूळ गाव खापा. तिथं कन्हान नदीच्या बाजूला शेत आहे, ते धाकटे दीर बघतात. सासरे मी या घरात यायच्या आधीच गेलेले, तेव्हापासून आई मोठ्या मुलाजवळ, म्हणजे आमच्याकडे. तो होता तेव्हा आम्हा दोघींचं चांगलं जमायचं. तो टॉवेल पलंगावर टाकतो, फोन उचलत नाही, भाजीतली मिरची वेचून काढतो, अशा त्याच्याविषयीच्या तक्रारी आम्ही एकमेकींकडे करायचो. तो गेला आणि आमचा विषयच संपला. ‘चहा ठेवू?’ ‘ठेव.’ ‘दूध आलं का?’ ‘आलं.’ यापलीकडे आम्ही बोलत नव्हतो. भांडतही नव्हतो. दोन भाडेकरूंसारख्या नीट वागत होतो.

पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. अंबाडीची भाजी निवडता निवडता आई म्हणाल्या, ‘मले डाव्या बाजूले गाठ आहे. दुखत नाही पण.’

मी विचारलं, केव्हापासून.

‘झाले असतीन काही महिने. वाढली आता थोडीशी.’ आणि त्यांनी जून पानं बाजूला काढली.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. सुई टोचून तपासणी झाली. स्तनाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या, त्यांनी काही लपवून ठेवलं नाही. म्हणाल्या, ‘पसरलेला दिसत नाही. आता लगेच ऑपरेशन केलं तर आजी चांगल्या होतील. लांबवलं तर मग मी काही सांगू शकणार नाही.’ आईंनी त्यांना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि बाहेर आल्या. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, ‘आता घट बसू दे. कसा येते ते पाहू. देवी हो म्हणन तर करू.’

‘आई, हे देवीला विचारायचं नसतं.’

‘मंग कोणाले विचाराचं? त्या पोरीले? तिले काय माहीत मी कोण आहे ते.’

इथं आपल्याला राग यायला हवा, एवढं मला कळलं. तो आला मात्र नाही. मी ऑटोवाल्याला डावीकडे घे म्हणून सांगितलं.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पण आईंचं म्हणणं असं की घट हा सण नाही, कुळाचार आहे. शेजारच्या काकूंनी भुवया वर केल्या तेव्हा आईंनी त्यांना सुनावलं, ‘गोड नको खाऊ, नवं नको नेसू. पण देवीले उपाशी ठेवा लागते असं कोणी सांगतलं तुमाले?’ काकू परत आल्या नाहीत.

आमच्याकडे घट असा असतो: नवरात्राच्या पहिल्या दिवशी देवापुढं पत्रावळीवर माती पसरतात, तिच्यात पाच धान्यं पेरतात, मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं भांडं ठेवतात. भांडं झिरपतं, माती ओली राहते, धान्य उगवतं. दसऱ्यापर्यंत ते कसं येतं त्यावरून जुनी माणसं घराचं पुढचं वर्ष सांगतात. ताठ आलं तर बरकत, पिवळं पडलं तर काळजी. आणि माती आपल्या शेतातलीच हवी, हा आमच्या घरचा कडक नियम. कुंडीतली चालत नाही. विकतच्या पिशवीतली तर नावच काढायला नको. त्या दिवशी पहाटे दीर अंघोळ करतात, तोंडात काही न घालता अनवाणी शेतात जातात, माती खणून धुतलेल्या पंचात बांधतात आणि मोटरसायकलनं नागपूरला घेऊन येतात. वाटेत गाठोडं जमिनीवर टेकवायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. एका वर्षी पंक्चर झालं तर भल्या माणसानं गाठोडं गळ्यात अडकवून, खुणा करकरून पंक्चर काढून घेतलं होतं.

या वर्षीही त्यांनी तसंच सगळं केलं. आईंनी गहू, ज्वारी, मूग, उडीद आणि हरभरा पेरला. मी फक्त पाण्याचा तांब्या आणून दिला.

चौथ्या माळेच्या दिवशी मी लॅबमधून आले आणि सहज देवापुढं वाकून बघितलं. गहू आणि ज्वारी सरळ उभी होती, हिरवीगार. मूग आणि उडीद मात्र जमिनीतून डोकं वर काढून तसेच अडकले होते. खोडं जाड, फुगलेली, शिजवलेल्या शेवयांसारखी गिळगिळीत. मान वाकडी. हरभऱ्याचा कोंब तर स्वतःभोवतीच वळला होता. बोटानं एक मूग उपटला. मुळाच्या जागी एक आखूड, जाड गाठीगाठीचा खुंट होता.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण त्या वर्षी मी कशी होते ते त्यावरून कळेल. मला वाटलं, काय सुरेख लक्षण आहे! लॅबमध्ये असं नेमकं यायला डोस किती वेळा बदलावा लागतो, आणि इथं देवघरात आयतं. फोटो काढायला मी फोनसुद्धा बाहेर काढला.

‘घे पाहून,’ आई मागून म्हणाल्या. त्या पाटावर बसल्या होत्या. ‘वाकडा आला घट. देवी नाही म्हणते.’

आवाज शांत होता. जरा जास्तच शांत. मी फोन खाली ठेवला आणि मग मला कळलं की इथं एका बाईचा जीव या मुगावर टांगलेला आहे.

मी गच्चीवर जाऊन दिरांना फोन लावला. ‘भाऊजी, घटाची माती कुठून आणली?’

‘आपल्या वावरातूनच ना वहिनी. काहून?’

‘वावरात कुठून?’

‘धुऱ्यावरून घेतली. आत सोयाबीन उभं आहे, सोंगणी नाही झाली अजून. त्याच्यात पाय कसा टाकू?’ धुरा म्हणजे शेताचा बांध.

‘धुऱ्यावर काही फवारलं होतं का?’

‘गाजरगवत किती वाढलं होतं तिथं! मारलं ना टू-फोर-डी, घटाच्या जरासं आधी. पण मी पाल्यावर मारलं वहिनी, मातीवर नाही मारलं.’ एवढं म्हणताच त्यांचा आवाज बारीक झाला. ‘माह्याकडून काही चुकलं का?’

मी नाही म्हटलं. काय सांगणार? अंघोळ झाली होती, उपास झाला होता, पायात चप्पल नव्हती, तोंडातून शब्द नव्हता. सोवळं सगळं पाळलं होतं, फक्त माती बाटलेली होती.

आईंना मी लगेच सांगितलं. देवीचा यात काही संबंध नाही, धुऱ्यावर औषध पडलेलं होतं, तेच मातीतून मुगात गेलं, मी रोज हेच बघते. आईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग ते औषध त्याच्या हातून धुऱ्यावर कोणी मारवलं?’

याला विज्ञानात उत्तर नाही, आणि सासूपुढं तर नाहीच नाही.

लॅबमध्ये माझे साध्या पाण्यावरचे मूग होते. सरळ, पांढऱ्या मुळांचे, नमुन्यादाखल ठेवावेत असे. त्यातले मूठभर आणून घटात खोचावेत, असंही माझ्या मनात येऊन गेलं. देवीचा होकार पेट्री डिशमधून आणायचा. पण आई दिवसभर त्या घटापुढून उठत नव्हत्या आणि एकेक कोंब त्यांच्या ओळखीचा झाला होता. शिवाय खोटं करायलाही थोडा उत्साह लागतो, तो माझ्यात नव्हता. मग मला येतं तेच मी केलं. ओट्यावर दोन ताटल्या मांडल्या. एकीत पंचात उरलेली खाप्याची माती, दुसरीत बाल्कनीतल्या कुंडीतली. दोन्हीत एकाच डब्यातले भिजवलेले मूग.

‘देवीची परीक्षा घेऊन राहिली का?’ आईंनी विचारलं.

‘देवीची नाही, मातीची.’

‘मंग ठीक आहे,’ म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून घट सोडून दर थोड्या वेळानं ओट्याजवळ यायला लागल्या. मी कॉलेजात तासावर शिकवतेही. तिथं असताना फोन आला, ‘इकडचे निघाले वं. तिकडचे अजून नाही.’ फेब्रुवारीनंतर त्यांनी मला फोन केला तो हाच पहिला. मी तेव्हा तास घेत होते, मुलांना एक मिनिट म्हणून बाहेर आले आणि ‘बरं’ म्हणून ठेवून दिला.

कुंडीतल्या मातीतले मूग वर आले, हिरवे झाले, पानं उघडली. धुऱ्याच्या मातीतले घटातल्यासारखेच फुगून वाकडे झाले. मी त्यातले काही आणि सरळवाले काही लॅबमध्ये नेले, कापले, वाटले, उकळले. वाकड्यांच्या नळीत हिरवा रंग गडद आला. मला तो आधीच माहीत होता. तरी फोटो काढला आणि घरी आईंना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही नळ्या बघितल्या. ‘ही जास्त हिरवी आहे ना? म्हणजे हे रोप जोरात आहे.’

‘नाही. ते मरायला टेकलेलं आहे.’

‘असं कसं?’

मी त्यांच्याजवळ बसले. सांगितलं, की पेशीत एक मूळ कागद असतो, सगळं कसं बनवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. तो डीएनए. त्याच्या लागतील तेवढ्याच नकला काढायच्या आणि नकलेवरून माल बनवायचा. त्या नकला म्हणजे आरएनए, मालाची भट्टीसुद्धा बरीचशी त्याचीच बनलेली. औषध येतं आणि म्हणतं, काढा नकला, लावा भट्ट्या. रोप बिचारं ऐकतं. काढतच राहतं. नको तिथं माल तयार होतो, खोड फुगतं, आणि मुळाला काही उरत नाही.

‘म्हणजे उपाशी राहून नाही मरत ते?’

‘नाही. वाढून मरतं.’

‘बाप्पा!’ आई म्हणाल्या. त्यांनी ताटलीतला एक वाकडा मूग तळहातावर घेतला, अंगठ्यानं त्याचं फुगलेलं खोड दाबून बघितलं आणि परत मातीत ठेवला. मला वाटलं, आता जमलं.

‘पटलं ना तुम्हाला? घट औषधानं बिघडला. देवी नाही म्हणालेली नाही.’

‘पटलं.’

‘मग डॉक्टरांना फोन करू?’

‘नको.’

‘पटलं म्हणता आणि—’

‘पटलं ना. औषधाचं पटलं. पण नको.’ आणि त्या दिव्यात तेल घालायला उठल्या.

मला पुढं काय करायचं ते कळेना. सिद्ध करून दाखवलं की माणूस ऐकतो, अशी माझी समजूत होती. तिच्यावर माझं सगळं शिक्षण उभं आहे. दिरांना सांगितलं तर ते फोनवर रडायला लागले, माझ्या मातीनं झालं म्हणाले, आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागली. कॉलेजात मी वनस्पतींच्या वाढीवर तास घेतला. चांगला झाला.

दसऱ्याला सकाळी घट उठवतात. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्या आदल्या दिवसापासूनच वाहत होत्या, सकाळीही रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचे ट्रक जात होते, लांबून स्पीकर ऐकू येत होता. आईंनी देवापुढं बसून गव्हाचे आणि ज्वारीचे कोंब कापले, ताटात ठेवले. वाकडे मूग कापले नाहीत. हे कोंब घरच्या पुरुषाच्या कानावर खोवतात. माझा नवरा दिवसभर ते तसेच ठेवून हिंडायचा, लोकांकडे सोनं द्यायला जायचा, आणि रात्री वाळलेले काढून माझ्या उशीवर टाकायचा. आई ताट हातात घेऊन बसून राहिल्या. कुणाच्या कानावर, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही.

मग त्या म्हणाल्या, ‘झालं. देवीनं दाखवाचं ते दाखवलं. आता त्या ऑपरेशनचं पुन्हा काढू नको वं.’

आणि मी फाटकन बोलले. ‘मागच्या वर्षी घट कसा आला होता, आई?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘ताठ आला होता. वीतभर. तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला बोलावून दाखवला होता. मुगाला पानं आली होती. आमच्या घरावर देवी प्रसन्न आहे म्हणालात. मग काय झालं फेब्रुवारीत? सांगा ना, काय झालं?’

माझा आवाज चढला होता. असलं बोलणं मी कधी कुणाला बोलले नव्हते, आणि बोलल्याचं वाईटही वाटत नव्हतं. आता त्या रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील, असं वाटलं. दोन्हीला मी तयार होते.

आई म्हणाल्या, ‘मले माहीत नाही का ते?’

त्या अजिबात रडत नव्हत्या. ‘घट असा झक्कास आला आन् माहा पोरगा गेला. त्या दिवसापासून मी घटाचं काही धरत नाही. पेरते, कारण पेरा लागते.’

‘मग देवी नाही म्हणते, देवी नाही म्हणते, हे काय होतं?’

‘तुले काहीतरी सांगा लागत होतं ना. नुसतं नाही म्हटलं असतं तर तू ऐकली असती? घट वाकडा आला, माहं काम झालं. चांगला आला असता तर दुसरं काही काढलं असतं. नाहीतर म्हटलं असतं, दिवाळी होऊ दे.’

मी सुन्न झाले म्हणावं तर सुन्न मी होतेच. मी इतके दिवस मातीशी, औषधाशी, देवीशी भांडत होते, आणि या बाईला त्यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला मरायचं होतं. म्हणजे मरायचं असंही नाही. जगायची खटपट करायची नव्हती.

‘काहून?’ मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना मी कधी त्यांच्यासारखं बोलत नाही, पण तोंडात तेच आलं.

‘काहून म्हणजे? ज्याची आई होती तो गेला. आता ही म्हातारी दुरुस्त करून कोणाच्या कामाची? तू शिकलेली आहे, वय नाही तुहं काही. डिग्री होईन, नोकरी लागन, कुठं तरी दुसरीकडं जाशीन. जा. जायलेच पाहिजे तुले. मी कशाले तुह्या पायात येऊ? मले दिसते ना, तू कशी मुकाट्यानं माहं करून राहिली ते. चहा ठेवू, दूध आलं का. जीव नाही तुहा इथं.’

तेव्हा मला भीती वाटली. दुसरं काही नाही, नुसती भीती, पण खरी. मी लॅबमधून येते, जिना चढते, पर्समध्ये किल्ली शोधते आणि आत कुणी नाही, असं मला दिसलं. नवरा गेला त्या दिवशीही असं दिसलं नव्हतं, कारण त्या दिवशी आत ही होती. फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी मी बेल वाजवत होते, आणि कुणीतरी दार उघडत होतं, आणि मी तिला एकदाही नीट बघितलं नव्हतं.

‘मी कुठं जाणार नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही गेलात तर मला कोणी नाही. मला एकटीला राहता येणार नाही, आई. मला रडता येत नाही, बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं मला काही नाही. मला तुम्ही पाहिजे. देवीसाठी नको, डॉक्टरांसाठी नको. माझ्यासाठी करा.’

इतकं लांबलचक मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. धाप लागली. बाहेरून एक ट्रक घोषणा देत गेला, तो पार पुढच्या चौकापर्यंत ऐकू येत होता.

‘मंग तसं म्हण ना वं,’ आई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, खरोखरच्या चिडल्या होत्या. ‘इतके दिवस मातीचं सांगून राहिली, औषधाचं सांगून राहिली, हिरव्या नळ्या काय, निळ्या नळ्या काय. ओट्यावर पसारा करून ठेवला. हे एवढं एक काहून नाही सांगतलं?’

‘मलाच माहीत नव्हतं.’

‘शिकली म्हणते मोठी,’ त्या पुटपुटल्या. ‘लाव मंग फोन त्या डॉक्टरले.’

‘आज दसरा आहे. दवाखाना बंद असेल.’

‘मंग उद्या लाव.’

त्यांनी ताट खाली ठेवलं. उठायला म्हणून हात टेकला, पण उठल्या नाहीत. पदर डाव्या बाजूला घट्ट ओढून घेतला आणि माझ्याकडे न बघता, अगदी लहान आवाजात विचारलं, ‘ते कापल्यावर लय दुखते का वं?’

गाठ सांगताना, सुई टोचताना, डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं तेव्हा, आईंनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘दुखेल.’